अँटिव्हायरसची नवी की: कधी टाकायची, कुठे टाकायची आणि उरलेल्या दिवसांचे काय होते

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. फोंड्यात झेरॉक्सचे आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. तिथल्या तीन संगणकांवर क्विक हील टोटल सिक्युरिटीचा तीन युजरचा पॅक चालू आहे आणि त्याची मुदत संपायला सव्वा महिना आहे. म्हापशात भाव बरा मिळाला म्हणून तसाच तीन युजर, एक वर्षाचा नवा बॉक्स आणून ठेवला आहे. तो आत्ताच टाकला तर उरलेला सव्वा महिना वाया जाईल का? तिन्ही संगणकांवर वेगवेगळा टाकायचा का? शिवाय दुबईतल्या भावाने दुसऱ्या कंपनीची की पाठवली आहे, ती घरच्या लॅपटॉपवर चालेल का?

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. बॉक्समधल्या कार्डावर जो क्रमांक छापलेला असतो त्यालाच ‘की’ किंवा ‘कोड’ म्हणतात, आणि तो म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. कंपनीच्या सर्व्हरवर त्या क्रमांकाच्या नावाने एक नोंद तयार असते: कोणते उत्पादन, किती संगणक, किती दिवस, कोणत्या देशासाठी. तुम्ही ‘ॲक्टिव्हेट’ दाबता तेव्हा ती नोंद उघडते, त्या दिवसाची तारीख तिच्यात पडते आणि तुमचे यंत्र किंवा तुमचे खाते तिला जोडले जाते. एकदा पडलेली ही तारीख मागे घेणे ग्राहकाच्या हातात नसते. म्हणून जी काळजी घ्यायची ती बटण दाबण्याआधी. नंतर उरते ते कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावणे.

यातूनच पहिल्या शंकेचे अर्धे उत्तर मिळते. बॉक्स विकत घेतल्याच्या दिवसापासून वर्ष मोजले जात नाही, पहिल्यांदा ॲक्टिव्हेट केल्यापासून मोजले जाते. खणात ठेवलेल्या बॉक्सचे दिवस संपत नाहीत. अपवाद एवढाच की काही बॉक्सवर ‘अमुक तारखेआधी ॲक्टिव्हेट करा’ असे छापलेले असते. ती तारीख उलटली तर की चालत नाही, मग कीवरचा स्क्रॅच, म्हणजे खरवडायचा थर, कोरा असो वा नसो. सवलतीत मिळालेला बॉक्स हा कित्येकदा दुकानात पडून राहिलेला जुना साठा असतो, तेव्हा घरी आल्यावर बॉक्सच्या चारही बाजू वाचा.

आता उरलेले अर्धे उत्तर. दिवस वाया जातात की जोडले जातात, हे की कोणत्या दाराने आत गेली त्यावर ठरते. क्विक हीलमध्ये दोन दारे आहेत. एक म्हणजे जुना प्रोग्रॅम काढून नवा बसवणे आणि नोंदणीच्या पडद्यावर नवी की टाकणे. असे केले की कंपनीच्या दृष्टीने तुम्ही नवे ग्राहक. नव्या कीचे वर्ष आजपासून सुरू, जुन्या कीचे पस्तीस-चाळीस दिवस तिकडे पडून संपतात. गावोगावच्या रिपेअरवाल्यांकडून दिवस वाया जातात ते बहुतेक असेच, कारण काढून नवे बसवणे हीच त्यांची सवयीची पद्धत. विंडोज फॉरमॅट करून दिले की वर नवा अँटिव्हायरस, हा हिशोब ठरलेला.

दुसरे दार नूतनीकरणाचे. चालू असलेला प्रोग्रॅम उघडा, ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट’ या पानावर जा, तिथे लायसन्सची मुदत दिसते आणि ‘रिन्यू नाऊ’ हे बटण असते. मुदत आधीच संपली असेल तर तेच बटण मुख्य पडद्यावर येते. ते दाबल्यावर कोड तुमच्याकडे आहे की ऑनलाइन विकत घ्यायचा आहे असे विचारतात. ‘माझ्याकडे कोड आहे’ निवडून की टाका. पुढच्या पडद्यावर नाव, ईमेल, मोबाइल ही जुनी माहिती येते आणि त्यानंतरचा पडदा सगळ्यात महत्त्वाचा: सध्याची मुदत अमुक तारखेपर्यंत, नवी मुदत अमुक तारखेपर्यंत, अशा दोन तारखा समोर दाखवतात. इथे थांबा. कॅलेंडर घ्या आणि मोजा. नवी तारीख जुन्या तारखेच्या बरोबर एक वर्ष पुढची असेल तर तुमचा सव्वा महिना शाबूत आहे, बिनधास्त पुढे जा. ती आजपासून एक वर्षाची दिसली तर पडदा बंद करा. पुढे न गेल्यास काही बिघडत नाही, बॉक्स तसाच राहतो आणि मुदत संपायच्या आदल्या दिवशी वापरता येतो.

हा पडदा आलाच नाही, ‘कोड अवैध’ असा संदेश आला, तर बहुधा प्रकार जुळत नाही. तीन युजरच्या पॅकला एका युजरचा कोड चालत नाही. टोटल सिक्युरिटीच्या लायसन्सवर इंटरनेट सिक्युरिटी किंवा अँटिव्हायरस प्रोची की टाकली तरीही तेच. उलट बाजूने, ‘रिन्युअल’ म्हणून विकला जाणारा स्वस्त कोड नव्या संगणकावर कोऱ्या नोंदणीसाठी चालत नाही, त्याला आधीचे लायसन्स लागते. दुकानात ‘तेच हो, फक्त स्वस्त’ असे सांगून हा कोड हातात देतात. बॉक्सवर ‘रिन्युअल’ किंवा ‘अपग्रेड’ हा शब्द आहे का, हे पैसे देण्याआधी पाहून घ्या.

तीन संगणकांची बाब सोपी आहे, पण लोक तिथेच घोटाळा करतात. तीन युजरच्या पॅकला एकच की असते आणि नूतनीकरणही एकदाच करायचे असते. एका संगणकावर ते झाले की उरलेल्या दोघांवर पुन्हा की टाकायची नाही. त्याच ‘अबाउट’ पानावर ‘अपडेट लायसन्स डिटेल्स’ असे बटण आहे, इंटरनेट चालू ठेवून ते दाबायचे. सर्व्हरवरची नवी तारीख त्या संगणकावर उतरते. हे बटण माहीत नसल्यामुळे माणसे उरलेल्या दोन यंत्रांसाठी आणखी दोन बॉक्स घेऊन येतात. कंपनीच्या मदत केंद्राने फोनवरून नूतनीकरण करून दिले तरी शेवटी हेच बटण दाबावे लागते, नाहीतर सर्व्हरवर मुदत वाढलेली आणि तुमच्या पडद्यावर मात्र ‘मुदत संपली’ अशी लाल पट्टी कायम.

नोंदणीत मोबाइल क्रमांक आणि ईमेल कोणाचा आहे, हे या निमित्ताने एकदा पाहा. आपल्याकडे डीलर बसवायला येतो तेव्हा घाईत स्वतःचाच क्रमांक टाकून मोकळा होतो. तीन वर्षांनी दुकानाची जागा बदलते, तो माणूस गल्फला जातो, आणि कंपनी पडताळणीचा ओटीपी त्याच्या बंद सिमकार्डवर पाठवते. हा दोष आत्ता, लायसन्स चालू असताना दुरुस्त करून घेणे सोपे असते. संगणक बिघडल्यावर तेच काम बिल आणि कीचा फोटो पाठवून, ईमेलची वाट पाहत करावे लागते.

की टाकताना जे अडते त्यातली निम्मी कारणे अगदी किरकोळ असतात. स्क्रॅच नाण्याने जोरात खरवडला की एखादे अक्षर पुसले जाते, तेव्हा नखाने किंवा प्लास्टिकच्या कार्डाने हलक्या हाताने काढा आणि लगेच फोनवर फोटो काढून ठेवा. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी, पाच आणि एस या जोड्यांवर नजर ठेवा. की कोणत्या कंपनीची हे विसरला असाल तर तिच्या लांबीवरून अंदाज बांधता येतो. क्विक हीलची २० अक्षरांची. कॅस्परस्कीचीही २०, पण पाच-पाचच्या चार गटांत. ईसेटची २०, चार-चारच्या पाच गटांत. नॉर्टन आणि मॅकॅफीची २५. बिटडिफेंडरचा कोड फक्त १०. मोजून अक्षरे कमी भरली तर तुम्ही बहुतेक कीऐवजी बॉक्सचा बारकोड किंवा अनुक्रमांक टाइप करत आहात.

की बरोबर असूनही ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असे येते तेव्हा आधी संगणकाचे घड्याळ पाहा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर ३ व्होल्टची, सीआर २०३२ नावाची गोल बॅटरी असते. ती मेली की वीज गेल्यावर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. आपल्याकडे पावसाळ्यात दिवसाला दोन-चारदा वीज जाणे नवे नाही, म्हणून हा दोष जून ते सप्टेंबरमध्ये जास्त डोके वर काढतो. तारीख चुकीची असली की सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला ‘अजून सुरू न झालेले’ वाटते आणि जोडणीच नाकारली जाते. तारीख हाताने नीट केली की ॲक्टिव्हेशन होते, पण पुढच्या वेळी वीज गेली की अँटिव्हायरस पुन्हा मुदतीबद्दल गोंधळ घालणार. बॅटरी स्वस्तात मिळते, घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलूनच घ्या.

घड्याळ ठीक असेल तर इंटरनेटची जोडणी तपासा. सायबर कॅफे किंवा झेरॉक्सच्या दुकानात कधीकाळी कोणीतरी प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेट मधल्या दुसऱ्या संगणकामार्फत फिरवणारी सेटिंग, लावून ठेवलेली असते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’ बंद आहे ना पाहा. व्हीपीएन, म्हणजे आपण दुसऱ्याच ठिकाणी आहोत असे भासवू शकणारी जोडणी, चालू असेल तर बंद करा. आणि एक सोपा उपाय: मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाच मिनिटे प्रयत्न करा. त्यावर ॲक्टिव्हेशन झाले तर दोष केबलवाल्याच्या राउटरमध्ये आहे, कीमध्ये नाही.

इंटरनेट अजिबात नसलेल्या संगणकासाठीही वाट आहे. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात बिलिंगचा संगणक मुद्दाम इंटरनेटविना ठेवणारे दुकानदार आहेत. क्विक हीलमध्ये ऑफलाइन नोंदणी करता येते: प्रोग्रॅम एक ‘इन्स्टॉलेशन नंबर’ दाखवतो, तो आणि प्रॉडक्ट की लिहून घ्यायची, इंटरनेट असलेल्या दुसऱ्या संगणकावर कंपनीच्या संकेतस्थळावरील ऑफलाइन नोंदणीच्या पानात भरायची, तिथून मिळालेली लायसन्सची फाइल पेन ड्राइव्हवर आणून पहिल्या संगणकाला दाखवायची. ती फाइल त्याच यंत्राची असते, शेजारच्या संगणकावर चालत नाही. जपून ठेवा. मात्र अशा संगणकाला अपडेटही पेन ड्राइव्हनेच द्यावे लागतात. ते दर आठवड्याला करणार नसाल तर लायसन्सवर पैसे घालण्यात अर्थ नाही. जुन्या यादीवर चालणारा अँटिव्हायरस नव्या व्हायरसला ओळखायला उशीर करतो, आणि अशा संगणकात व्हायरस येतो तो नेमका पेन ड्राइव्हमधूनच.

संगणक बदलायचा असेल, फॉरमॅट करायचा असेल किंवा मदरबोर्ड बदलणार असाल तर क्रम उलटा लावू नका. आधी इंटरनेट चालू ठेवून जुन्या यंत्रावरून अँटिव्हायरस नीट अनइन्स्टॉल करा, म्हणजे सर्व्हरवरची ती जागा मोकळी होते. मग फॉरमॅट. सरळ फॉरमॅट मारला तर सर्व्हरच्या नोंदीत जुने यंत्र तसेच राहते, आणि तीन युजरच्या पॅकवर तिसराच संगणक ‘मर्यादा संपली’ म्हणून अडतो. खात्यावर चालणाऱ्या कंपन्यांत, म्हणजे नॉर्टन, मॅकॅफी, बिटडिफेंडर, कॅस्परस्की यांत, हे काम सोपे आहे. कोणत्याही ब्राउझरमधून खात्यात शिरून उपकरणांच्या यादीतून मेलेले यंत्र काढून टाकता येते. हार्ड डिस्कच जळली असेल आणि उत्पादन खात्याविना असेल, तर मदत केंद्राला की, नोंदणीचा मोबाइल आणि बिल द्यायचे. ते जागा मोकळी करून देतात.

या खातेवाल्या कंपन्यांत दिवसांचा हिशोब वेगळा चालतो. कॅस्परस्कीत चालू मुदतीतच नवा कोड ‘राखीव’ म्हणून टाकून ठेवता येतो. जुनी मुदत संपली की तो आपोआप सुरू होतो आणि दिवस बुडत नाहीत. माझ्या मते वेंधळ्या माणसासाठी ही सर्वांत चांगली सोय. नॉर्टनमध्ये सावध राहावे लागते. खात्यात नवी की टाकल्यावर ती चालू सदस्यत्वाची मुदत वाढवते आहे की शेजारी दुसरे सदस्यत्व उघडते आहे, हे पडद्यावर वाचायचे. दुसरे उघडले तर दोन्ही घड्याळे एकाच वेळी चालतात आणि जुने दिवस नव्यात मिळत नाहीत. नव्या कीचे उत्पादन जुन्याहून वेगळे असेल, उदाहरणार्थ एका उपकरणाच्या जागी पाच उपकरणांचे, तर ही शक्यता जास्त. तिथे सरळ मार्ग म्हणजे जुनी मुदत संपेपर्यंत थांबणे. दोन ईमेल पत्ते असलेल्या माणसांची आणखी एक फजिती होते: की टाकली एका खात्यात आणि प्रोग्रॅम चालू दुसऱ्या खात्यावर. मग ‘की आधीच वापरली आहे’ असा संदेश येतो आणि दुकानदाराने फसवले असे वाटते. दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी आपले दोन्ही ईमेल तपासा.

आता दुबईच्या कीबद्दल. बहुतेक नाही चालणार. अँटिव्हायरसच्या किरकोळ विक्रीच्या की प्रदेशानुसार विकल्या जातात, कारण भारतातला भाव आखातातल्या किंवा युरोपातल्या भावापेक्षा वेगळा असतो आणि कंपन्यांना एका बाजारातला माल दुसऱ्यात जायला नको असतो. कॅस्परस्कीचा कोड ज्या प्रदेशासाठी विकला त्याच प्रदेशात ॲक्टिव्हेट होतो. इतर कंपन्यांच्या बॉक्सवरही ‘फक्त अमुक देशात वापरासाठी’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. गोव्यात तर घराघरांत आखातातला भाऊ, लंडनची वहिनी किंवा बोटीवरचा तारवटी मेहुणा असतो आणि चवथीला येताना चॉकलेटांबरोबर हीही वस्तू येते. बॉक्स हातात असेल तर तो प्रदेशाचा मजकूर वाचा, नुसता क्रमांक व्हॉट्सॲपवर आला असेल तर भावाकडून बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. भारत किंवा दक्षिण आशिया असे नाव नसेल तर की भावालाच त्याच्या लॅपटॉपवर वापरू द्या.

व्हीपीएन लावून दुबईत असल्याचे भासवायचा सल्ला यूट्यूबवर भरपूर मिळतो. कधी ॲक्टिव्हेशन होतेही. पण परवानगीच्या अटींत ते बसत नाही, आणि पुढे यंत्र बदलताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने देश विचारला की मदत मिळत नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी एक वेगळी सूचना: तिथल्या सरकारने कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी घातली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून तिथे अपडेटही बंद झाले. भारतात तसे नाही. पण इथून घेतलेला बॉक्स तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलाबरोबर पाठवू नका.

घरच्या लॅपटॉपला मुळात विकतचा अँटिव्हायरस हवाच का, असे विचाराल तर विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर फुकट आणि आधीपासून बसवलेला असतो. दुसरा अँटिव्हायरस बसला की तो स्वतःहून बाजूला होतो. नीट अपडेट होणारे विंडोज, डिफेंडर आणि थोडी सावध बोटे एवढ्यावर एका माणसाचा लॅपटॉप चालतो. मुलांसाठी संकेतस्थळांवर बंधने, एका ठिकाणाहून घरातली पाच यंत्रे बघण्याची सोय, मराठीत किंवा हिंदीत फोनवर बोलणारे मदत केंद्र, हे हवे असेल तर पैसे द्यावेत. वाईट काय, तर नव्या लॅपटॉपबरोबर आलेला चाचणीचा अँटिव्हायरस मुदत संपून तसाच वर्षभर पडलेला. तो धड राखणही करत नाही आणि डिफेंडरच्या वाटेत मात्र येऊ शकतो. मुदत संपलेला प्रोग्रॅम काढून टाका, त्या कंपनीचे सफाईचे छोटे साधन चालवा, संगणक पुन्हा सुरू करा. डिफेंडर आपोआप जागा होतो. दुसऱ्या कंपनीची की टाकण्याआधीही हीच सफाई लागते. दोन अँटिव्हायरस एकाच फाइलवर एकाच वेळी हात टाकतात तेव्हा संगणक रांगायला लागतो आणि नवा प्रोग्रॅम अर्धवट बसतो.

बसवताना बॉक्समधली सीडी वापरू नका. ती बॉक्स भरला त्या दिवसाची आवृत्ती असते आणि बहुतेक लॅपटॉपना आता सीडीचा खणच नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवा, आणि बॉक्सवर जे नाव छापले आहे अगदी तेच निवडा. क्विक हीलचे प्रो, इंटरनेट सिक्युरिटी आणि टोटल सिक्युरिटी हे वेगवेगळे प्रोग्रॅम आहेत. टोटलचा प्रोग्रॅम उतरवून त्यात प्रोची की टाकली तर नोंदणी होत नाही. संकेतस्थळाचा पत्ता बॉक्सवरून वाचून थेट टाइप करा. गूगलमध्ये ‘नॉर्टन ॲक्टिव्हेट’ शोधले की वरच्या ओळीत जाहिराती येतात आणि त्यात कंपनीसारखी दिसणारी, टोल फ्री क्रमांक झळकवणारी पाने असतात. तो क्रमांक लावला की पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखे दूरनियंत्रणाचे ॲप बसवायला सांगतो, संगणकात शिरतो, विंडोजच्या नेहमीच्या नोंदी दाखवून ‘व्हायरस आहे’ म्हणतो आणि पैसे मागतो. की ॲक्टिव्हेट करायला कोणत्याही कंपनीला तुमच्या बँकेचा ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

याच जातीची दुसरी फसवणूक म्हणजे ‘तुमचे मॅकॅफी संपले’ अशी कोपऱ्यात उगवणारी चौकट. संगणकावर मॅकॅफी नसतानाही ती येते, कारण ती अँटिव्हायरसची नसून ब्राउझरची असते. कोणत्यातरी संकेतस्थळावर चुकून ‘अलाऊ’ दाबलेले असते. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी असलेल्या संकेतस्थळांची यादी उघडा आणि अनोळखी नावे काढून टाका. की घेण्याची गरज नाही.

स्वस्त कीचा मोह झेरॉक्सच्या दुकानाला जास्त होतो, म्हणून हेही सांगतो. ऑनलाइन बाजारांत दहा उपकरणांची एक की घेऊन ती दहा जणांना सुटी विकणारे आहेत. विक्रेता त्याच्याच ईमेलने लॉगिन करायला सांगतो, किंवा कीऐवजी निमंत्रणाची लिंक पाठवतो, किंवा ॲक्टिव्हेट केल्यावर ‘१० पैकी ७ वापरात’ असे दिसते. अशा खात्याचा मालक तो. उद्या त्याने तुमचे यंत्र यादीतून काढले तर तक्रार कोणाकडे करणार? बॉक्स घेताना स्क्रॅच कोरा हवा, प्लास्टिकचे आवरण शाबूत हवे आणि बिल हवेच. बॉक्सवरच्या एमआरपीकडे बघून सवलत मोजू नका. अँटिव्हायरसच्या बॉक्सवरची एमआरपी आणि पणजीच्या १८ जून रस्त्यावर किंवा मडगावात प्रत्यक्ष मिळणारा भाव यांत नेहमीच मोठे अंतर असते. दोन दुकानांतले भाव एकमेकांशी ताडून पाहावेत, एमआरपीशी नव्हे.

बिलावर कीचा किंवा बॉक्सचा अनुक्रमांक लिहून घ्या. की ‘आधीच वापरलेली’ निघाली तर कंपनी खरेदीचा पुरावा मागते, आणि अनुक्रमांकाविना बिल म्हणजे कुठल्याही बॉक्सचे बिल. तुमच्या दुकानाला जीएसटी क्रमांक असेल तर तोही बिलावर हवा, १८ टक्के कराचे क्रेडिट मिळते. खोक्यातला अँटिव्हायरस हा माल की सेवा, यावर कंपन्या आणि कर खाते वर्षानुवर्षे भांडले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये क्विक हीलच्या खटल्यात तो माल ठरवला. वाद जुन्या सेवाकराचा होता, पण दुकानातून माल घेतल्यासारखे रीतसर बिल मागायला संकोच नको, एवढे त्यातून घ्यावे. दुकानदाराने हात झटकले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

खात्यात की टाकताना काही कंपन्या कार्डाचा तपशीलही मागतात. तो वर्ष संपल्यावर आपोआप नूतनीकरण करण्यासाठी असतो, आणि त्याचा दर बॉक्सच्या बाजारभावापेक्षा बराच जास्त असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना यावी लागते आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. म्हणजे सूचना जाहिरातींच्या ढिगात हरवली तर पैसे गेलेच. खात्यात शिरून ‘ऑटो रिन्यूअल’ त्याच दिवशी बंद करा. चालू मुदतीवर त्याचा परिणाम होत नाही. दरवर्षी बॉक्स घेऊन नूतनीकरण करणाऱ्याने तर हे केलेच पाहिजे, नाहीतर एकाच वर्षाचे दोनदा पैसे जातात.

तुमच्या दुकानाबाबत दोन गोष्टी राहिल्या. घरगुती पॅकच्या अटी आधी वाचा, अनेक कंपन्या तो घरच्या वापरापुरताच देतात. लोकांचे आधार, पॅन, रहिवासी दाखले दिवसभर स्कॅन होतात तिथे व्यवसायासाठीची आवृत्ती घेणे रास्त. क्विक हीलची ती सेक्राइट या नावाने येते. तीनच संगणक असतील तर दोन्हींचा भाव मागून पाहा. आणि ग्राहकांचे पेन ड्राइव्ह लागणाऱ्या संगणकावर ‘ऑटोप्ले’, म्हणजे पेन ड्राइव्ह लावताच तो आपोआप उघडण्याची सोय, बंद ठेवा, ते लायसन्सपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट तीन वर्षांच्या बॉक्सची. दर वर्षाला स्वस्त पडतो खरा, पण घेण्याआधी संगणकावर कोणते विंडोज आहे ते पाहा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि घरगुती ग्राहकांसाठी वाढवून दिलेली सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहेत. विंडोजच्या भोकांना अँटिव्हायरस ठिगळ लावत नाही. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या डेस्कटॉपसाठी एका वर्षाचा बॉक्स पुरे, बाकीचे पैसे नव्या यंत्राकडे वळवा. नवे यंत्र आले की जुन्यावरून अनइन्स्टॉल करून हीच की त्यावर चालवता येईल, फक्त इंटरनेट चालू असताना.